मन बदललं म्हणून माल परत: सीमाभागातल्या नव्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी

शहापूर-वडगावची साडी, अथणी-निपाणीकडची चप्पल, गोकाकची लाकडी फळं, बेळगावचा कुंदा. आपल्या भागातला माल आता मोबाइलवरून विकला जातो आणि घरातल्या घरात हा धंदा सुरू करणारे रोज वाढताहेत. त्यातल्या प्रत्येकाला लवकरच पॅनलवर, म्हणजे ॲमेझॉन-मीशोसारख्या विक्री कंपनीच्या ॲपमधल्या विक्रेत्याच्या पानावर, एक सूचना दिसते: ग्राहकाने रिटर्न मागितला आहे, कारण 'आता गरज नाही'. माल चांगला होता, वेळेवर पोचला, पाठवताना दोनदा तपासला होता. तरी परत. नव्या माणसाला हे फार लागतं, आणि लागलं की तो चुकीचं काहीतरी लिहून बसतो.

हा लेख फक्त अशाच रिटर्नबद्दल आहे: मालात खोट नाही, पण घेणाऱ्याचं मन बदललं. माझं म्हणणं आधीच सांगते. असा रिटर्न हा तुमच्या मालावरचा आरोप नाही, ऑनलाइन विक्रीचा तो ठरलेला खर्च आहे. तो विक्रीच्या किमतीत आधीच धरा. मागणी आली की त्याच दिवशी, वाद न घालता पुढे सरकवा. भांडायची वेळ एकच: माल वापरून परत आला तेव्हा. तेही कंपनीशी, पुरावा हातात घेऊन, ग्राहकाशी नाही.

गणपत गल्लीत साडी घ्यायला आलेली बाई पदर हातात घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत येते, उजेडात रंग बघते, चिमटीत कापड चोळून बघते, बरोबरच्या नणंदेला विचारते आणि मग 'नको, दुसरी दाखवा' म्हणते. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. ऑनलाइन ग्राहक हेच सगळं माल घरी पोचल्यावर करतो. फरक एवढाच, की त्याचं 'नको' तुमच्यापर्यंत यायला दोन वेळा कुरिअरचा खर्च होतो.

पहिली पायरी: रिटर्न कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

पॅनलवर सगळे रिटर्न एकाच यादीत दिसले तरी ते तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला, चूक आपली: फाटका माल, चुकीचा रंग, दुसऱ्याची ऑर्डर, चित्रात एक आणि पिशवीत भलतंच. दुसरा, आरटीओ ('रिटर्न टू ओरिजिन'): पार्सल ग्राहकाने घेतलंच नाही, दारातूनच परत फिरलं. सीओडीत, म्हणजे पैसे माल हातात आल्यावर द्यायचे असतात तिथे, हे जास्त होतं. तिसरा, माल घेतला, उघडला आणि नको वाटला.

पहिल्या प्रकारात कायदा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर उशिराच्या बाबतीत सूट आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो, की सदोष माल परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत लिहिलीच नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. म्हणजे बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं ठळक छापलं तरी खराब मालाची जबाबदारी टळत नाही.

तिसऱ्या प्रकारात चित्र वेगळं आहे. नुसतं मन बदललं म्हणून माल परत घ्यायलाच हवा, असं भारतातला कायदा म्हणत नाही. ते बंधन येतं कंपनीच्या रिटर्न धोरणातून. नोंदणी करताना आपण ज्या लांबलचक अटींवर टिचकी मारली, त्यात ते मान्य केलेलं असतं. त्यामुळे 'कायद्यात नाही, मी घेणार नाही' हा पवित्रा ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर टिकत नाही. स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकत असाल तर नियम तुमचा, पण तो आधी लिहून दाखवलेला असला पाहिजे.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते, कारण नवे विक्रेते इथेच स्वतःची फसवणूक करतात. ग्राहकाने 'रंग आवडला नाही' लिहिलं की आपण लगेच 'हिचं मन बदललं' म्हणून मोकळे होतो. पण मोरपंखी साडीचा फोटो तुम्ही रात्री ट्यूबलाइटखाली काढला असेल, वर मोबाइलमध्ये रंग चढवला असेल आणि त्यामुळे ती निळी दिसत असेल, तर तो मन बदलण्याचा मामला नाही. तो 'जाहिरातीप्रमाणे नाही' यात बसतो, म्हणजे पहिल्या प्रकारात. अशा वेळी आधी स्वतःचा फोटो उघडा, माल शेजारी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात दोन्ही बघा. मगच ठरवा.

दुसरी पायरी: पहिली ऑर्डर यायच्या आधीची तयारी

आपल्या प्रकारच्या मालाला कंपनीचा कुठला नियम लागू आहे, ते पॅनलमध्ये जाऊन वाचा. किती दिवसांची मुदत, पैसे परत की फक्त बदली, रिटर्नचं भाडं कुणावर, हे कपड्याला एक, चपलेला दुसरं आणि खाण्याच्या वस्तूला तिसरं असू शकतं. हे नियम बदलत राहतात, म्हणून मैत्रिणीने गेल्या दिवाळीला सांगितलेल्यावर विसंबू नका. मीशोवर ग्राहकाला त्याच वस्तूची थोडी कमी किंमतही दाखवली जाते, जिच्यात फक्त चुकीचा किंवा खराब माल आल्यावरच रिटर्न करता येतो. असा पर्याय तुमच्या मालाला असेल तर त्याचा हिशोब जरूर करा. कुंदा, लाडू, चिवडा अशा टिकाऊ नसलेल्या वस्तू परत न घेण्याच्या गटातच टाका. दुसऱ्याच्या घरी उघडलेला कुंद्याचा डबा परत आणून करणार काय?

मग किंमत. उदाहरण घेऊ. समजा साडी १,२०० रुपयांची आहे. पाठवायचे ८० रुपये, परत आणायचे १२०, पिशवी-लेबलचे २०, आल्यावर इस्त्री आणि नव्या घडीचे १५. म्हणजे एका रिटर्नमागे २३५ रुपये गेले. आता समजा १०० ऑर्डरींत १० परत येतात. एकूण नुकसान २,३५०. ते उरलेल्या ९० साड्यांवर वाटलं तर साडीमागे साधारण २६ रुपये. हे २६ रुपये किमतीत आधीच धरलेले असले, तर प्रत्येक रिटर्नला जीव जाळायची गरज उरत नाही. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण घाला. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच नव्या विक्रेत्यांनी फक्त गिरणीचा भाव, कमिशन आणि नफा धरलेला असतो. रिटर्नचा रकानाच वहीत नसतो. मग महिनाअखेरीला सेटलमेंट, म्हणजे कंपनीने कापून हातात दिलेली रक्कम, बघून हात कपाळाला लागतो.

तिसरी पायरी: लिस्टिंग (ऑनलाइन दिसणारे फोटो आणि वर्णन), कारण खरी बचत इथे आहे

मन बदलणं पूर्ण थांबवता येत नाही. पण बरंचसं 'मन बदललं' म्हणजे 'मला वेगळं वाटलं होतं' असतं, आणि ते शब्द आणि फोटो नीट असले की कमी होतं. मी नव्या विक्रेत्याला आठवड्यातला एक दिवस द्यायला सांगेन तर तो याच कामाला.

साडीचं बघा. फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ काढा. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसचे दिवस ढग असतात, तेव्हा जून उजाडायच्या आत हंगामभराचे फोटो काढून ठेवा. एक फोटो पूर्ण साडीचा, एक काठाचा जवळून, एक पदराचा, एक उलट्या बाजूचा. उलटी बाजू कुणी दाखवत नाही, आणि घरी पिशवी उघडल्यावर बाई सगळ्यात आधी तीच बघते. लांबी किती, ब्लाऊज पीस जोडलेला की वेगळा, जर कसली, पहिल्या धुण्यात रंग जातो का, हे सरळ लिहा. 'चिंतामणी', 'राणी', 'वांगी' ही रंगांची नावं आपल्याकडे पटकन कळतात, दिल्लीच्या ग्राहकाला नाही. नावाबरोबर 'निळसर जांभळा', 'गडद गुलाबी' असंही घाला. हातमागाच्या कापडात धाग्याची किंचित गाठ येतेच. ती झाकू नका, जवळून फोटो काढून 'हातमागाच्या कापडात अशी गाठ असते' असं खाली लिहा. ज्याला ती चालत नाही तो घेणारच नाही, आणि तुमचं भाडं वाचेल.

चपलेत परत येण्याचं मुख्य कारण माप. आपला कारागीर पायाखाली कागद ठेवून पेन्सिल फिरवतो आणि त्या मापाने बनवतो. ग्राहकाच्या डोक्यात बुटाचा नंबर असतो. म्हणून लिस्टिंगमध्ये तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या आणि ग्राहकाने पाय कसा मोजायचा ते चित्राने दाखवा: भिंतीला टाच लावून, कागदावर उभं राहून, सर्वात लांब बोटापर्यंत. दुसरी गोष्ट, अस्सल चामड्याची चप्पल पहिल्या दिवशी पट्ट्यात आणि अंगठ्यात आवळते, वापरून सैल होते. हे ज्याला माहीत नाही तो पहिल्याच संध्याकाळी 'साइज लहान' म्हणून रिटर्न टाकतो. 'पहिले काही दिवस थोडी घट्ट वाटेल, घरात थोडा थोडा वेळ घाला' अशी चिठ्ठी पिशवीत वरच ठेवा. मात्र फरशीवर, सतरंजीवर घालून बघा, रस्त्यावर नको, हेही त्याच चिठ्ठीत. नाहीतर परत येताना तळाला डांबर चिकटून येतं.

चपलेबाबत आपल्या भागाला आणखी एक अडचण येते. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता कर्नाटकातला बघून काही ग्राहकांना वाटतं, 'कोल्हापुरी म्हणून दिली आणि आली अथणीहून, म्हणजे नकली'. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ही एक ओळ वर्णनात घाला. माल खरोखर हाताने बनवलेला, चामड्याचा असेल तरच. रेक्झिनच्या चपलेवर ही ओळ लिहिणं म्हणजे ग्राहकाला फसवणं आहे आणि मग रिटर्न पहिल्या प्रकारात जातो.

शेवटी टॅग. नंबर असलेला, एकदा तोडला की परत न जुळणारा टॅग लावा आणि तो अशा जागी लावा, की तो ठेवून वस्तू बाहेर वापरताच येऊ नये. साडीला पदराच्या बाहेरच्या बाजूला, चपलेला वरच्या पट्ट्यावर, घरात घालून बघता येईल असा. पाठवण्याआधी टॅगच्या नंबरासकट फोटो काढून ऑर्डर नंबराच्या नावाने ठेवा.

चौथी पायरी: मागणी आली, आता काय लिहायचं

त्याच दिवशी उत्तर द्या. काही कंपन्यांवर विक्रेत्याला विचारलंच जात नाही, रिटर्न आपोआप मंजूर होतो. तिथे तुमचं काम थेट माल परत आल्यावर सुरू होतं. जिथे उत्तर द्यायची सोय आहे, तिथे मजकूर तयार ठेवा. साधारण असा:

'नमस्कार ताई, तुमची रिटर्नची विनंती मिळाली. साडी न वापरता, टॅग आणि ब्लाऊज पीससकट त्याच पिशवीत घालून ठेवा. पिकअपला माणूस येईल. साडी आमच्याकडे पोचून तपासून झाली की पुढची प्रक्रिया होईल. दुसरा रंग हवा असेल तर तेही सांगा, आहे का बघून कळवतो.'

यात 'का परत करताय?' हा प्रश्न नाही, आणि तो मुद्दाम नाही. माणसाला कारण सिद्ध करायला लावलं की तो कारण शोधतो, आणि शोधलेलं कारण बहुतेक वेळा 'माल खराब आहे' असं निघतं. साधा रिटर्न मग तुमच्या नावावर खराब मालाची तक्रार म्हणून चढतो. चपलेच्या बाबतीत मात्र 'सैल की घट्ट?' एवढं विचारा, कारण तिथे पैसे परत करण्यापेक्षा माप बदलून देणं दोघांनाही बरं पडतं.

हुबळी-बागलकोटचा ग्राहक कन्नडमध्ये लिहील, गोव्याचा इंग्रजीत, सांगलीचा मराठीत. हाच मजकूर मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत मोबाइलमध्ये साठवून ठेवा. कन्नड मजकूर घरातल्या किंवा शेजारच्या कन्नड माणसाकडून एकदा वाचून घ्या. आपल्या गल्लीत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आणि उत्तर ग्राहकाच्या भाषेतच द्या. पैशाचा विषय असतो तेव्हा माणसाला स्वतःच्या भाषेत ऐकलं की धीर येतो.

काय करू नये तेही सांगते. लेबलवरचा नंबर बघून ग्राहकाला फोन लावून 'घेतलाय तर राहू दे की' म्हणून गळ घालू नका. कंपनीच्या नियमात ते बसत नाही आणि परक्या माणसाचा फोन आलेली बाई घाबरते. 'रिटर्न मागे घ्या, शंभर रुपये देतो' किंवा 'चांगला रिव्ह्यू द्या मग पैसे देतो' असं काहीही लिहू नका. स्वतःच ग्राहक बनून आपल्याच मालाचे रिव्ह्यू टाकायला तर २०२० च्या त्याच नियमांनी बंदी आहे.

ग्राहक मन बदललेलं असूनही 'खराब आहे' लिहितो, असंही होतं. तेव्हा चिडू नका, 'तुम्ही खोटं बोलताय' हे शब्द तर नकोतच. 'खराब भागाचा जवळून फोटो आणि टॅगचा फोटो पाठवाल का?' एवढं विचारा, मंजुरीची मुदत संपायच्या आत रिटर्न मंजूर करा आणि माल आल्यावर तपासा. काय ते तिथे ठरेल.

पाचवी पायरी: पार्सल परत आलं

इथे घाई करू नका. डिलिव्हरी बॉयकडे एकाच वेळी पाच-सात रिटर्न असतात, तो सही मागून निघायच्या बेतात असतो. ओटीपी किंवा सही द्यायच्या आधी पिशव्या मोजा, फाटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली पिशवी वेगळी काढा, तिचा तिथेच फोटो घ्या आणि शेरा लिहायची जागा असेल तर 'पिशवी उघडलेली' असा शेरा मारा.

मग व्हिडिओ. मोबाइल स्टँडवर लावा किंवा घरातल्या कुणाला धरायला सांगा. एकच सलग व्हिडिओ, मध्ये कुठेही बंद न करता. सुरुवात लेबलपासून: कुरिअरचा नंबर आणि ऑर्डर नंबर वाचता येईल इतक्या जवळून. पिशवी सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवा, वजनकाट्यावर ठेवा, मग कॅमेऱ्यासमोरच कापा. वस्तू बाहेर काढून पुढून, मागून, टॅगच्या नंबरासकट दाखवा. साडी असेल तर पूर्ण उलगडा. अर्धी घडी बघून 'ठीक आहे' म्हटलं की डाग नेमका आतल्या घडीत निघतो. क्लेम, म्हणजे कंपनीकडे मागितलेली भरपाई, फेटाळला जातो तो बहुतेक वेळा व्हिडिओ मध्येच तुटलेला असतो किंवा लेबल वाचता येत नाही म्हणून.

वापरलेली साडी ओळखायच्या खुणा बारीक असतात. खांद्याजवळ पदराला सेफ्टी पिनेची दोन सुईएवढी छिद्रं. कमरेच्या भागात निऱ्या खोचल्याच्या आडव्या चुण्या, ज्या नव्या घडीत कधी नसतात. खालच्या काठाला धूळ. अत्तराचा किंवा घामाचा वास. फॉल लावून उसवला असेल तर काठाच्या आतल्या बाजूला टाक्यांची रांग दिसते. बोट फिरवलं की कळते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत हळदीकुंकवाला नेसून परत पाठवलेल्या साडीवर पदराच्या टोकाला पिवळसर बोट उमटलेलं सापडतं. ते ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका, आधी फोटो.

चपलेत तळ बघा. घरात घालून बघितलेली चप्पल आणि रस्त्यावर चाललेली चप्पल यात फरक असतो: टाचेच्या बाहेरच्या कडेला घासल्याची चमक, शिलाईत अडकलेली वाळू, अंगठ्याच्या आत काळपट डाग. पावसाळ्यात मात्र जरा सबुरीने घ्या. परतीचं पार्सल गोदामांतून फिरत येतं, तेवढ्यात दमट पिशवीत चामड्यावर पांढरी बुरशी धरते. तो दोष ग्राहकाचा नसतो. प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळून पाठवलं तर हे बरंच कमी होतं.

माल जसा गेला तसा आला असेल तर विषय संपला. मनात ठेवू नका, साडीची नवी घडी घाला, इस्त्री करा, टॅगचा नवा नंबर लावून पुन्हा विक्रीला ठेवा. वापरलेला, बदललेला किंवा अर्धाच आला असेल तर क्लेम टाका. ॲमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड). मुदत किती ते पॅनलवर लिहिलेलं असतं आणि ती कमी असते, म्हणून पार्सल आल्याच्या दिवशीच उघडा. अथणीच्या यात्रेला जाऊन आल्यावर बघू म्हटलं की मुदत निघून जाते. क्लेममध्ये राग लिहू नका, चार ओळी पुरे: पाठवताना टॅग नंबर अमुक, परत आला तेव्हा टॅग नाही, खांद्याजवळ पिनेची छिद्रं, व्हिडिओत अमुक मिनिटाला दिसतात. वाचणारा माणूस असे ढीगभर क्लेम वाचत असतो, त्याला नेमकं बोट ठेवून दाखवलं की तुमचं काम होतं.

वापरलेला माल पुन्हा नवा म्हणून कुणाला पाठवू नका. तो पुढच्या ग्राहकाला कळतो, आणि कळला नाही तरी ते बरोबर नाही.

स्वतःच विकत असाल तर

व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर विकणाऱ्यांनी नियम तीन ओळींत लिहून प्रोफाइलवर आणि बिलावर ठेवावा: किती दिवसांत सांगायचं, कुठल्या अवस्थेत माल परत घेणार, येण्याजाण्याचं भाडं कुणाचं. सात दिवस, न वापरलेला, टॅगसकट, परतीचं भाडं ग्राहकाचं, हा माझ्या मते रास्त नियम आहे. मापाने खास बनवून घेतलेली चप्पल किंवा नाव विणून दिलेली साडी मन बदललं म्हणून परत घेणार नाही, हेही ऑर्डर घेतानाच सांगा आणि ग्राहकाकडून 'हो' लिहून घ्या.

पैसे परत करताना ज्या यूपीआय खात्यावरून आले त्याच खात्यावर पाठवा. 'माझा नंबर बंद आहे, भावाच्या नंबरवर टाका' किंवा 'मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा' असं आलं की थांबा. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून नाही, बँकेचा जमा-संदेश बघून हिशोब मिटवा.

ग्राहकाशी वाद पेटलाच तर एक गोष्ट लक्षात असू द्या: २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तर फोनवरच तक्रार नोंदवता येते. म्हणजे निपाणीच्या विक्रेत्याला सातशे रुपयांच्या चपलेसाठी नागपूरच्या आयोगाची नोटीस येऊ शकते. तिथवर जाण्याइतका मुद्दा मोठा आहे का, ते शांतपणे तोलून बघा.

सीमेवरचा हिशोब

आपलं रोजचं जगणं सीमा मानत नाही. बेळगावहून शिनोळीला, निपाणीहून कोगनोळी नाका ओलांडून कागलला आपण सहज जातो, तिथे नातेवाईक असतात, गिऱ्हाईकही तिथलंच. पण जीएसटीच्या दृष्टीने शिनोळीला गेलेली साडी ही परराज्यातली विक्री आहे आणि शेकडो किलोमीटरवरच्या बंगळूरला गेलेली राज्यातली.

याचा नव्या विक्रेत्याला थेट फरक पडतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता, फक्त पोर्टलवर नाव नोंदवून, या कंपन्यांमार्फत माल विकता येतो. अट अशी, की विक्री स्वतःच्या राज्यातच हवी. म्हणजे नोंदणी नसलेल्या वडगावच्या विक्रेत्याला कोल्हापूर-पुण्याचं मराठी गिऱ्हाईक या मार्गाने मिळत नाही. ते हवं असेल तर नोंदणी करावीच लागते.

नोंदणी असेल तर परत आलेल्या प्रत्येक मालाची क्रेडिट नोट (विक्री मागे घेतल्याचा कागद) निघायला हवी, नाहीतर न झालेल्या विक्रीचा कर तुम्ही भरता. विक्री आयजीएसटीत (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) दाखवली असेल तर क्रेडिट नोटही आयजीएसटीतच. मार्चमध्ये विकलेला माल एप्रिलमध्ये परत आला की गोंधळ होतो. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तोपर्यंतच, त्या विक्रीची क्रेडिट नोट दाखवता येते. कंपनी तुमच्या पैशातून कापून सरकारकडे भरते तो कर, टीसीएस, जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे आणि तो रिटर्न वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. तुमची वही आणि कंपनीचा अहवाल दर महिन्याला जुळवा. न जुळणारी ओळ बहुतेक वेळा रिटर्नचीच असते.

परदेशी ग्राहक

हाताने बनवलेल्या मालाच्या परदेशी संकेतस्थळांवरून चप्पल किंवा साडी पाठवणारे आपल्याकडे आहेत. तिथे आपले नियम विसरा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगता, खरेदी रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानेच आहे. खास मापाने बनवलेल्या आणि नाशवंत वस्तू त्यातून वगळल्या आहेत. परतीचं भाडं ग्राहकावर टाकता येतं, पण ते विक्रीआधी स्पष्ट सांगितलं असेल तरच. जर्मनीहून चप्पल परत यायचं भाडं चपलेपेक्षा जास्त होऊ शकतं, वर परत येताना कस्टमचे कागद. म्हणून परदेशी ऑर्डर घेताना पैसे घ्यायच्या आधी पायाचं माप सेंटिमीटरमध्ये मागवा आणि त्या मापाने बनवून द्या.

वहीतला एक रकाना

रिटर्नसाठी साधी वही किंवा मोबाइलमधला तक्ता ठेवा: तारीख, वस्तू, ग्राहकाचं गाव, त्याने दिलेलं कारण, तुम्हाला वाटलेलं खरं कारण, गेलेले पैसे. महिनाअखेरीला वस्तूनुसार बघा. सगळ्या साड्यांत एकच रंग पुन्हा पुन्हा परत येत असेल तर त्याचा फोटो बदला. फोटो बदलूनही येत असेल तर ती साडी ऑनलाइनवरून काढून गल्लीतल्या दुकानात द्या. हातात घेऊन बघणाऱ्याला ती आवडेल. एखाद्या नंबराची चप्पलच परत येत असेल तर कारागिराकडे जाऊन साचा मोजा. सणाच्या आधीच्या पंधरवड्यात रिटर्न वाढतात, तेव्हा नवी खरेदी करताना परत येऊ शकणारा स्टॉक धरूनच गिरणीला ऑर्डर द्या, नाहीतर दिवाळी संपल्यावर त्याच डिझाइनचे दोन गठ्ठे घरात पडून राहतात.